रात्री कुठं झोपली होती?

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. आजही नाही. मांजर आडवं गेलं तर हॉर्न वाजवून पुढं जाणारा माणूस आहे मी. तरी लिहितोय, कारण तो केसपेपर अजून माझ्या कपाटात आहे...

मोताळा तालुक्यातला एक लहान सरकारी दवाखाना, नाव सांगत नाही. मागच्या वर्षी आम्हाला एआयचा टॅब मिळाला. लक्षणं भरायची, तो संभाव्य आजार सांगतो, निर्णय डॉक्टरचा, म्हणजे माझा. प्रिंटर पहिल्याच महिन्यात बसला. म्हणून स्क्रीनवर येईल ते कुसुम सिस्टर केसपेपरवर शब्दन् शब्द उतरवतात.

सकाळचे साडेनऊ, ओपीडीत ही गर्दी. विशीतली एक सून पोट धरून आली, सोबत सासू.

"पाहाटपासून पोट दुखून राह्यलं हो इचं. उलट्याही झाल्या. गॅस असंन, एखांदी सुई द्या."

टॅबवर आलं — आम्लपित्त. मलाही तेच वाटलं. गोळ्या लिहायला घेतल्या, तोच खाली एक ओळ उमटली: रात्री कुठं झोपली होती?

"हे काऊन इचारून राह्यला हा?" सिस्टर हसल्या. पण लिहून घेतलं.

"घरातच. खाटेवर," सासू म्हणाली. सुनेनं मान खाली घातली.

उत्तर भरलं. पुन्हा तीच ओळ. सिस्टरनं पुन्हा उतरवली. टॅब हँग झाला म्हणून मी वैतागलो, आणि मग... खरं सांगतो, एक जुनी पेशंट आठवली. सासूला बाहेर बसवलं. सिस्टरला म्हटलं, तुम्ही विचारा. मी पडद्याआड थांबलो.

"लाजू नको माय, सांग मले."

"बाहेरची हाय मी... तिसरा दिवस. गोठ्यात निजली व्हती. खाली, पोत्यावर."

पाळीचं पुरुष डॉक्टरसमोर कोण बोलणार! मी पडदा सारला. तिच्या पापण्या मिटत होत्या, मी ते जागरण समजलो होतो. मण्यार हा विषारी साप रात्री बहुतेक खाली झोपलेल्यांनाच चावतो, आणि कधीकधी खूणही दिसत नाही. आधी पोट दुखतं, मग पापण्या पडतात, मग श्वास जातो. सापाच्या विषावरचं इंजेक्शन सुरू केलं आणि ॲम्ब्युलन्सनं बुलढाण्याला पाठवली. आठ दिवस व्हेंटिलेटरवर होती. वाचली पोरगी.

पुढं कंपनीचा इंजिनिअर आला. त्याला त्या दिवसाची नोंद काढायला लावली. नोंदीत एवढंच — आम्लपित्त. प्रश्न नाही, आम्ही भरलेलं उत्तरही नाही. "सर, असा प्रश्न आमच्या यादीतच नाही," तो म्हणाला. मी केसपेपर पुढं केला. सिस्टरचं अक्षर, तीच ओळ दोनदा. त्यानं नोंद पुन्हा एकदा चाळली. मग म्हणाला, जुने केसपेपर स्कॅन करून सिस्टममध्ये टाकलेत, त्यातून काही आलं असेल.

इथं मला एक कबूल करायचंय. टॅब यायच्या आधी अशीच एक सून आली होती, पोट धरून. मी गॅसच्या गोळ्या देऊन घरी पाठवली. दुपारी गेली ती. महिन्याभरानं तिची आई मृत्यूचा दाखला न्यायला आली, तेव्हा सहज बोलून गेली — "चार दिवस गोठ्यातच निजे हो ते." मी हे कुणालाच सांगितलं नाही. बायकोला नाही, सिस्टरला नाही.

इंजिनिअर गेल्यावर त्या गेलेल्या सुनेचा जुना केसपेपर शोधून काढला. माझ्याच अक्षरात तीन शब्द आहेत: पोटदुखी. गॅस. गोळ्या.

ती कुठं झोपली होती, हे त्यावर कुठंच नाही. मी विचारलंच नव्हतं.