विकलेल्या शेळीचा शोध

निमोण्यात बाईमाणसाला नुसतं फिरायला जाता येत नाही. निवृत्त मास्तर पोपटराव पांढरे बूट घालून रोज सकाळी माळाला दोन चकरा मारतात, त्यांना कुणी काही विचारत नाही. उलट या वयातही तब्येत राखली म्हणून कौतुक होतं. बाईच्या हातात मात्र विळा पाहिजे, नाहीतर घागर, नाहीतर शेळीचं दावं. रिकाम्या हाताने चाललेली बाई दिसली की ओट्याओट्यावरच्या माना वळतात.

साखरबाईकडे शेळी होती. नवरा गेल्यावर तिने ती पाळली, दुधासाठी, असं घरच्यांना वाटायचं. शेळी जेमतेम कपभर दूध द्यायची. साखरबाईला हवा होता तो माळ. भाकरी थापून झाल्या की ती दावं धरून निघायची आणि गायरानातल्या हिवराच्या झाडाखाली खडकावर जाऊन बसायची. समोर मुरमाड उतार, वाळलेलं कुसळी गवत, लांब खाली घोड नदीच्या काठचा हिरवागार ऊस. टिटव्या ओरडायच्या, एरवी कुणी नाही. लग्न झाल्यापासून कुणीही हाक न मारलेले असे तास तिला पहिल्यांदाच मिळत होते.

एकटं बसलं की माणसाला आधी दुसऱ्यांच्या चुका आठवतात. सासू, नवरा, जाऊ, एकेकाला तिने तिथे बसून मनसोक्त शिव्या घातल्या. दोन उन्हाळे त्यातच गेले. मग शिव्या संपल्या. उरली ती स्वतः, आणि तो कागद.

सतरा वर्षांपूर्वी तिच्या लेकीचा, नीलमचा, नर्सिंगला नंबर लागला होता. पोस्टमन कागद देऊन गेला तेव्हा नीलम कांदा काढायला रानात गेली होती. चौथी शिकलेल्या साखरबाईने अक्षर अक्षर लावून तो वाचला. वरवंडच्या स्थळाचा होकार त्याच आठवड्यात आलेला. बागायती जमीन, पक्कं घर. साखरबाईने कागद चुलीत घातला. तिला कुणी सांगितलं नव्हतं, नवऱ्याला तर कधी कळलंही नाही. नीलमने महिनाभर पोस्टमनची वाट बघितली आणि मग गुमान बोहल्यावर चढली. माझ्यातच डोकं नव्हतं, असं ती अजून हसत हसत सांगते. गेल्या दिवाळीत तिने दहावीतल्या लेकीला, राजनंदिनीला, सगळ्यांसमोर सुनावलं, "सायन्सचं खूळ काढून टाक. तू माझ्यावर गेलीयास. आपल्याला झेपायचं न्हाई ते."

तेव्हापासून तो कागद साखरबाईला जास्तच डाचू लागला. नीलमला सांगायला हवं होतं, आणि राजनंदिनीचा अकरावीचा फॉर्म भरायच्या आत सांगायला हवं होतं. पण कुठल्या तोंडाने? ती माळावर शेळीसमोर बोलून बघायची. "तुझ्या बापानं..." अशी सुरुवात व्हायची, ते खोटं. "तवा समद्यांचंच तसं व्हतं..." ही पळवाट. मग पुन्हा पहिल्यापासून. घरात हे जमलं नसतं. सून स्नेहल जीव लावणारी, पण सासू दहा मिनिटं गप्प दिसली की लगेच चहा घेऊन हजर.

बोलणं जुळत आलं होतं, आणि नेमकी तेव्हाच मुलाने, गोकुळने, शेळी विकली.

"आई, उसात बिबट्या फिरतोय. तुला माळावर धाडून माझं कंपनीत चित्त लागत न्हाई. बास झालं आता. आराम कर."

असं प्रेमाने कुणी घरात बसवलं तर भांडायचं तरी कुणाशी? साखरबाई चार दिवस टीव्हीसमोर बसली. पाचव्या दिवशी स्नेहलची नजर चुकवून रिकामं दावं घेऊन निघाली. शेजारच्या ओट्यावरून मुक्ताबाईने हटकलं, "साखरबाई, कुणीकडं?"

"शेळी दिसंना. हिकडं आली व्हती का?" तिच्या तोंडून निघून गेलं.

गावाला एवढं पुरलं. त्या एका थापेवर तिला नऊ सकाळी मिळाल्या. नवव्या सकाळी बोलणं जुळलं. कागद आला व्हता, म्या जाळला. त्यात बाप नव्हता, काळ नव्हता, कुठलीच सबब नव्हती. दोन-तीनदा मोठ्याने म्हणून बघितलं आणि ती हलक्या पायांनी घरी आली. दारात गोकुळ उभा होता. शेळी विकल्याचं मुक्ताबाईला कुठून तरी कळलं होतं आणि तिने मायेपोटी सगळं त्याच्या कानावर घातलं होतं.

"आई, शेळी आपण इकली ना गं?" त्याचा आवाज रडवेला झाला होता.

दुसऱ्याच दिवशी त्याने तिला शिरूरला डॉक्टरकडे नेलं.

"आजी, आज तारीख काय?"

"तारीख पोरं बघत्यात. आज दशमी."

"शेळी कुठं आहे?"

"इकली."

"मग शोधता कशाला?"

"शोधत न्हाई. बसाया जाते."

"कुणाजवळ?"

"माझ्याजवळ."

डॉक्टरांनी गोकुळकडे बघितलं, गोकुळने फरशीकडे. आयुष्यात तिने इतकं खरं उत्तर कधी दिलं नव्हतं, आणि त्याच्यावर विसरभोळेपणाच्या गोळ्या मिळाल्या. गोकुळने फाटकाला कुलूप आणलं.

गोकुळचा फोन गेला तशी रविवारी नीलम वरवंडहून आली. आईला पुढ्यात बसवून केसांना तेल लावू लागली. आई दिसायला आहे तशीच आहे, हे बघून तिला जास्तच भडभडून येत होतं. साखरबाईने तिचा एक हात धरला.

"नीलम, तुझा नंबर लागला व्हता. कागद आला व्हता, म्या जाळला."

डोक्यावरचा हात थांबला.

"पिवळं पाकीट व्हतं. तू कांदा काढाया गेली व्हतीस. माझ्या हातानं चुलीत घातलं. तुझ्यात डोकं व्हतं, पोरी."

 सतरा वर्षांनी नीलम पुन्हा पोस्टमनची वाट बघितल्यासारखी पुढे वाकून आईच्या तोंडाकडे बघत राहिली. आता ही शिव्या देईल, हात झटकेल, म्हणून साखरबाई जीव मुठीत धरून बसली. तिला ते सगळं हवं होतं.

"ताई, मनाला लावून घेऊ नका," स्वयंपाकघरातून स्नेहल म्हणाली. "डॉक्टर बोलले होते, न झालेलं पण झाल्यासारखं वाटतं म्हणून अशा माणसांना."

नीलमचा हात पुन्हा फिरू लागला, पहिल्यापेक्षा हळू.

"व्हय आई. आला आसंल कागद."

"राजनंदिनीला सायन्सला घाल."

"आर्टचा फॉर्म भरला गं तिचा कालच. तू नगं काळजी करू." नीलमने पदराने आईचं कपाळ पुसलं आणि लहान पोराला समजावतात तशी म्हणाली, "सकाळी आपण दोघी मिळून शेळी हुडकू, हां?"