साडूंचा काळा पडदा

आयुष्यात मला विजेचा धक्का एकदाही बसलेला नाही. बाकी जेवढे म्हणून धक्के असतात ते सगळे माझ्या थोरल्या साडूंनी दिले. गृहस्थ महाडच्या कॉलेजात फिजिक्स शिकवतात आणि पन्नाशी उलटल्यावर पीएच.डी. करायला बसले. कशावर? तर अंड्याच्या बलकातून काढलेल्या चरबीच्या पडद्यावर! हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी जेवत होतो. घास हातातच राहिला. आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीला म्हणे असलाच पडदा असतो. साडू तो हातानं बनवतात. मिठाच्या पाण्याचे दोन कप्पे, मधल्या भिंतीला सुईनं पाडावं तेवढं भोक, त्यावर बारीक ब्रशनं ती चरबी फिरवायची. पडदा पातळ होताना आधी साबणाच्या फुग्यासारखे रंग दिसतात, मग तो काळा पडतो. काळा पडला की साडूंचा चेहरा उजळतो. मग दोन्ही बाजूंना तारा सोडायच्या, अगदी नावापुरता विजेचा दाब द्यायचा आणि पडदा किती वीज साठवतो, किती पलीकडे जाऊ देतो ते मोजायचं.

मोजतायत कसलं! हायवेवरून ट्रक गेला, फुटला. शेजारी कुकरची शिट्टी झाली, फुटला. एकदा मला शिंक आली, तर माझ्याकडे असं बघितलं जसा काही मी खून केलाय. "अहो, शिंक काय थांबवता येते?" तर म्हणतात, "मी थांबवतो." आणि खरंच थांबवतो हो हा माणूस!

पीएच.डी.च्या रजिस्ट्रेशनची मुदत दोनदा वाढवून झाली होती, आता मिळणार नव्हती. एक पडदा अर्धा तास टिकला तरी प्रबंध पुरा होणार होता. म्हणून साडूंनी आमची सासुरवाडी गाठायचं ठरवलं. वर डोंगरात कुडपणला ना ट्रक, ना हायवे, आणि कॉलेजला सुट्टीही होती. सुट्टी कशाची, हा प्रश्न काही या विद्वानाला पडला नाही. अहो, शिमग्याची! मी सांगायला गेलो, तर पडद्याच्या तयारीत बोलू नका म्हणून मलाच गप्प केलं.

पोचल्या पोचल्या त्यांनी सासूबाईंचा पत्र्याचा पिठाचा डबा परातीत उपडा केला. बाहेरची वीज आत शिरू नये म्हणून तो पडद्यावर झाकायचा होता. ऐन पुरणपोळीच्या दिवशी! माझी बायको भडकली, तर सासूबाई म्हणाल्या, "घेऊ दे गो. जावयाला हवा हाय."

दुपारी पडदा काळा पडला आणि चक्क टिकला. साडू आत आकडे घेतायत, मी दाराशी पहाऱ्याला, आणि खालून ढोल! गावदेवाची पालखी घरोघर येत होती. सासूबाई अनवाणी धावल्या, दोन्ही हात वर करून म्हणाल्या, "थांबा रे! ढोल नको. जावयाचं काम हाय आत."

देवाची पालखी अडवली! मला वाटलं, आता भांडण. पण ढोलकऱ्यानं ढोलावर नुसता पंजा ठेवला. माणसं पालखी खांद्यावर घेऊन अंगणात आली आणि उन्हात उभी राहिली. कोणी खोकलंसुद्धा नाही.

साडू चवड्यांवर चालत दाराशी आले. "टिकलाय! अजून थोडाच वेळ," असं कुजबुजले, आणि त्यांना अंगण दिसलं.

"हे कधीपासून उभे आहेत?"

"बराच वेळ झाला."

"मग पालखी खाली का टेकवत नाहीत?"

"मधेच टेकवायची नसते, साडूभाऊ."

पालखीच्या पुढच्या दांडीखालच्या म्हाताऱ्याचा खांदा थरथरत होता. साडूंनी एकदा खोलीकडे बघितलं.

"वाजवा!"

"अहो, पडदा!"

"वाजवा म्हटलं ना!"

ढोल असा कडाडला की आत काय झालं ते बघायला जायची गरजच नव्हती. साडू त्या म्हाताऱ्याच्या जागी खांदा देऊन नाचले. मी थक्क होऊन बघत राहिलो.

नंतर एकही पडदा तेवढा टिकला नाही आणि मुदत संपली. प्रबंध राहिला तो राहिलाच.

यंदाच्या शिमग्याला ढोल अंगणाबाहेरच थांबला. ढोलकरी एकटा आत आला आणि हळूच म्हणाला, "जावयबापू, पडदा हाय का आत? आमी थांबतो."

साडूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "नाय रे बाबा. आता नाय. वाजव तू."

मी मान फिरवली. मला त्यांच्याकडे बघवेना.