पळीभर जवसाचं तेल

जनावरांच्या डॉक्टरांकडचा अर्धा रस्ता सरला तरी थोरलीनं बादली हातातून खाली ठेवली नव्हती. बादलीवर झाकण, झाकणावरून दोरी, आणि आत सकाळी मेलेल्या मेंढीच्या पोटातून खाटकानं काढून दिलेला ओला चोथा. धाकटी दोनदा म्हणाली, "जाऊबाई, द्या की जरा माझ्याकडे." थोरलीनं बादली फक्त या हातातून त्या हातात घेतली.

धाकटीला अजून खरंच वाटत नव्हतं. काल गव्हाणीपाशी उभी असलेली मेंढी सकाळी चारी पाय ताठ करून पडलेली. आणि लोकर? ती तशीच चकाकत होती, मेल्यावरसुद्धा! बाकीच्या तीन मेंढ्या बसून होत्या. रवंथ नाही, काही नाही. देवाचं नाव घेत ती पाय उचलत होती.

थोरली या घरात आली तेव्हा तिनं शिवणयंत्राशिवाय कशाला हात लावला नव्हता. नवरा ट्रकवर, घरी पाहुण्यासारखा. मेंढ्या सासऱ्यांच्या. त्यांना सगळे आबा म्हणत. त्यांचे गुडघे गेले आणि गोठ्याची किल्ली न मागता थोरलीच्या कमरेला आली. पहिल्या खेपेला कोकरू आडवं आलं तेव्हा ती रडत रडत आबांना विचारत होती, "आता कुठला पाय ओढू?" आणि आबा खाटेवरून ओरडत होते, "आधी रडणं थांबव, त्याला ऐकू येतंय!"

जवसाच्या तेलाचं तिनं रेडिओवर ऐकलं. रोजच्या कोंड्यात थोडं कालवलं की जनावर तेज धरतं, मांसही चांगलं होतं. आबांनी तिची रेवडी उडवली होती. "मेंढ्यांना फोडणी देणार का? मोहरी पण टाक!" थोरलीनं ऐकून घेतलं आणि सकाळी प्रत्येक मेंढीला पळीभर तेल सुरू केलं. दोन महिन्यांनी खाटीक मेंढा घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून दारात आला. "बाई, काय खायला घालता? चरबी बोटाला मऊ लागते, खाताना टाळूला चिकटत नाही. लोक परत विचारतायत." त्या दिवसापासून आबा येईल त्याला सांगू लागले, "आमच्या सुनेचं डोकं!" थोरलीला मात्र तोंडावर टोमणाच. "पळीभर? दिवा लावतेस का मेंढ्यांना खायला घालतेस?"

जनावरांच्या डॉक्टरांच्या खोलीत औषधांचा उग्र वास होता. डॉक्टरांनी झाकण काढलं, चिमूटभर चोथा बोटांत चोळला आणि बोटं उजेडात धरली. ती तुपात बुडवल्यासारखी चमकत होती.

"किती तेल घालता?"

"पळीभर. सकाळी. कोंड्यात."

"बाई, खरं सांगा. मी काही पोलीस नाही."

"देवाशपथ पळीभर!" थोरलीचा आवाज चिरकला.

डॉक्टर खुर्चीवर बसले. "पळीभरानं काही होत नाही, उलट चांगलंच. पण मेंढीच्या पोटात गवत जिरवणारे बारीक जीव असतात. तेल फार झालं की गवतावर थर बसतो, ते जीव मरतात. मग मेंढी खाते, पण अंगी लागत नाही. पुढे खाणंच सोडते. हे पळीभराचं काम नाही. कुणीतरी रोज भरपूर ओततंय."

थोरली हळूच म्हणाली, "तेलाचा डबा लवकर संपायचा. मला वाटलं घाणेवाला माप मारतो. मी भर बाजारात त्याला चोर म्हणाले."

आणि धाकटीला आठवलं. संध्याकाळी थोरली गोठा उघडा टाकून पाण्याला गेली की आबा काठी टेकत गोठ्यात जायचे. आल्यावर त्यांच्या हातांना जवसाचा वास. धाकटीला वाटायचं, गुडघ्यांना चोळत असतील. तिनं एकदा विचारलंही होतं, तर आबा डोळे मिचकावून म्हणाले होते, "कुणाला सांगू नकोस, लाड करून आलो."

तिनं ते तिथेच, डॉक्टरांसमोर सांगितलं. सांगताना स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. थोरली रागावेल, आरडाओरडा करेल, असं धाकटीला वाटलं. ती म्हणाली एवढंच, "अगं, आज मेली ती मेंढी त्यांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. आई मेलेली होती तिची. त्यांच्या खोकल्याला ओ द्यायची."

डॉक्टरांनी पूड दिली. तेल बंद, कोंडाही नको, फक्त वाळलं गवत आणि पाणी. तिन्ही मेंढ्या वाचतील, पण आता तेलाचा थेंब जरी पोटात गेला तर आपणही हात टेकले, म्हणाले.

परतीच्या वाटेवर बादली रिकामी होती, तरी थोरली वाकूनच चालत होती. धाकटी मनात देवाला विचारत होती, इतक्या मायेनं दिलेल्याचं विष कसं होतं रे? घराचं छप्पर दिसायला लागलं तशी थोरली थांबली.

"ऐक. आबांना मी सांगितलं तर त्यांना लगेच कळेल मी काहीतरी झाकतेय. माझं तोंड बोलतं. तू कधी खोटं बोलत नाहीस, हे त्यांना ठाऊक आहे. तू सांग."

"काय सांगू?"

"सांग, थोरलीनं हावरटपणा केला. मांसाचं कौतुक झालं म्हणून दुप्पट ओतलं. डॉक्टरांनी तिला झाडलं आणि तेल बंद केलं. म्हणजे तेही तेलाला हात लावणार नाहीत."

"जाऊबाई, मी देवापुढे रोज बसते हो. आणि तुमच्यावर खोटा आळ..."

"म्हणून तर तुला सांगतेय," थोरली म्हणाली. तिनं धाकटीचं मनगट घट्ट धरलं होतं. "माझ्यासाठी एवढं एकदा बोल. त्या म्हाताऱ्याला त्याच्या हातांकडे बघायला लावू नकोस."