स्वयंपाकघरातली खुंटी

खुंटीबाईला शहरात कोणी खऱ्या नावाने हाक मारत नसे. नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात तिचं काम एकच, शहराच्या कडेला जी दलदल आहे तिचा काठ ठरवायचा. नियम साधा होता. काठापासून शंभर मीटरच्या आत घर बांधायचं नाही. आता काठ कुठे, हे कसं ओळखायचं? तर हातभर खड्डा खणायचा आणि उभं राहायचं. तळाशी पाणी जमलं की ती दलदल. मग पुढे सरकून पुन्हा खणायचं, आणि जिथे शेवटचं पाणी दिसलं तिथे लाल डोक्याची खुंटी ठोकायची. नवरा गेल्यावर याच खुंट्यांवर तिने एकुलती एक लेक वाढवली होती.

या कामाने तिला माणसांची शिसारी आली होती. चिखलाची कधीच नाही, हं. चिखल बुटाला लागतो आणि धुतला की जातो. पण ठोकलेली खुंटी उपटून, वर भोळा चेहरा करून "अगोबाई, इथेच तर होती" म्हणणाऱ्यांचं काय करायचं? एकाने दलदलीत वाढणारी पाणकणसं मुळापासून उपटून त्यावर हिरवळ अंथरली, आणि चहाचा कप पुढे करत सांगितलं की आम्हाला पक्ष्यांचं भारी वेड आहे हो. तो कप तिने तसाच परत केला.

या सगळ्यांचा मेरुमणी म्हणजे एक बिल्डर. पांढरेशुभ्र कपडे, मऊ आवाज, दलदलीकडे बघत डोळे अर्धे मिटून उभा. बाईने त्याचं नाव बगळेभगत ठेवलं आणि ऑफिसात ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. पावसाळा सरता सरता तिने ठोकलेल्या खुंट्या त्याच्या जमिनीच्या मधोमध गेल्या. गडी भांडला नाही. उलट तिच्या कामाची तारीफ केली, आणि ऐन उन्हाळ्यात साहेबांकडून फेरमोजणी मंजूर करून घेतली. खड्डे अर्थातच कोरडे ठणठणीत. काठ पार दलदलीच्या आत सरकला. बाई तणतणत साहेबांच्या खोलीत शिरली तेव्हा ते पंख्याखाली कलिंगड खात होते. मोजणीचा महिना नियमात कुठे लिहिलाय तो दाखवा, एवढंच त्यांनी विचारलं. तो लिहिलेला नव्हताच. साहेबांच्या हनुवटीवरून ओघळणारा रस बघून तिने तोंड फिरवलं.

घरं उभी राहिली. प्रत्येक खिडकीतून पक्षी दिसतील अशी जाहिरात झाली. आणि त्यातलं काठाला सगळ्यांत जवळचं घर घेतलं कोणी, तर तिच्याच लेकीने! बाईने कानीकपाळी ओरडून सांगितलं. जावयाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, आई, कागद चोख आहेत, शिक्के तुमच्याच ऑफिसचे आहेत. लेकीचं म्हणणं, तुला मेलं कशातच चांगलं दिसत नाही. दुसऱ्या कोणाची पोरगी असती तर बाईने चार शब्द सुनावले असते, पण आपला तो बाब्या. ती नवे पडदे शिवून घेऊन गेली.

पुढच्याच पावसाळ्यात व्हायचं ते झालं. फरश्या आधी पोकळ वाजायला लागल्या, मग उचलल्या गेल्या. न्हाणीघरात बेडूक आले, पिठाच्या डब्याला बुरशी धरली. बाईला वाटलं, आता तरी यांचे डोळे उघडतील. कसले उघडतात! रहिवाशांनी मिळून अर्ज केला की दलदल आमच्या घरात घुसते आहे, तरी ती भराव टाकून बुजवावी. भराव टाकायला बगळेभगत एका पायावर तयार. हजारो वर्षं जागची न हललेली दलदल घुसखोर, आणि हे बिचारे! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. साहेबांनी बाईला पाहणीला धाडलं आणि बजावलं की जास्त खोलात जाऊ नका, सही करून या. अर्जावर पहिली सही लेकीची होती.

लेकीच्या स्वयंपाकघरात ओट्यासमोरची फरशी निघून बाजूला पडली होती. जावई खिडकीशी फोनवर बोलत होता. लेकीने चहा टाकला, आईच्या खांद्यावर हात ठेवला.

"आई, एक सही कर ना. हा घाणेरडा वास तरी जाईल."

तोच मऊ आवाज. तोच चहा. बाईला आपल्या पोटच्या पोरीची किळस आली, आणि त्या किळसेने ती आतून हादरली. हीच पोर एकेकाळी तिच्या ढगळ बुटांत पाय घालून त्या काठावर बेडकांमागे धावली होती. आज तिला तो काठच नको होता.

बाई खाली बसली. पिशवीतून छोटं फावडं काढलं आणि फरशी निघालेल्या जागी खणायला लागली. जावयाने फोन ठेवला आणि आवाज चढवून म्हणाला, अहो, हे घर आहे, शेत नाही.

"नियमात महिना लिहिलेला नाही," बाई म्हणाली, "तसं छप्परही लिहिलेलं नाही."

खड्डा हातभर झाला. तिघंही त्यात बघत राहिली. खालून पाणी आलं, काळं, कुजक्या पानांच्या वासाचं. बाईने खुंटी लावली आणि फावड्याच्या पाठीने ठोकली. दलदल इथपर्यंत. म्हणजे भरावाला सही नाही, आणि हे घर बेकायदा. ते पाडावं लागणार, हे तिच्याइतकंच लेकीलाही कळत होतं, शेवटी खुंटीबाईचीच पोर.

"आम्ही जायचं कुठे?" लेकीने विचारलं.

"माझ्याकडे या. दोनच खोल्या आहेत, पण कोरड्या आहेत."

"तुझ्या दारात मी पाऊल ठेवणार नाही."

लेकीने आईसाठी गाळलेला चहा मोरीत ओतला. बाईने तिच्या हातातून रिकामा कप घेतला, विसळला, ओट्यावर पालथा घातला. मग पिशवी उचलून बाहेर पडली, आणि पुढची खुंटी ठोकायला तिने शेजारच्या घराची बेल वाजवली.