मावशी आणि एकशेचव्वेचाळीस फ्रेम

चाकणच्या कंपनीत काही वर्षं काढली की माणसाकडं दोन गोष्टी साठतात. एक म्हणजे न वापरलेले सेफ्टी शूज आणि दुसरी म्हणजे किस्से. शूज गावाकडं कुणाला तरी देऊन टाकता येतात, किश्शांचं काय करायचं? बसमध्ये सांगून झाले, कँटीनमध्ये सांगून झाले. बायकोला तर इतक्यांदा सांगितलेत की शेवटचं वाक्य आता ती माझ्याआधी म्हणते. त्यामुळं आता तुम्ही सापडलात!

आमचं त्रिकूट आहे. मी मेंटेनन्सला. दत्त्या लातूरकडचा, प्रॉडक्शन प्लॅनिंगला. संदीप क्वालिटीला, राहणार दिघी. गुरुवारी आम्हाला सुट्टी असते आणि गेमिंगचा कॉम्प्युटर फक्त संदीपकडं आहे. म्हणून दर गुरुवारी आम्ही तिशी ओलांडलेले तीन बाप्ये त्याच्या आतल्या खोलीत बसून आळीपाळीनं बंदुका चालवतो. आठवडाभर साहेबाचं ऐकून घेतल्यावर कुणाला तरी गोळ्या घालाव्याशा वाटणारच ना राव!

त्या खोलीवर आमचा जीव आहे. पुढं जे जे झालं ते त्या खोलीसाठी झालं, एवढं लक्षात ठेवा.

*

भानगड होती आवाजाची. गेम चालू झाला की कॉम्प्युटरच्या डब्यातले पंखे असे घोंगावायचे की खालच्या मजल्यावरच्या काकांनी एकदा विचारलं, "गिरणी टाकलीत का? ज्वारी दळून मिळेल?"

संदीपची आई, म्हणजे आमच्या मावशी, मूळच्या मावळातल्या. लग्नानंतर अर्धं आयुष्य भोसरीत एका वर्कशॉपच्या मागच्या खोलीत काढलेलं, भिंतीपलीकडं दिवसभर प्रेस मशीन. त्यामुळं आवाजाला त्या भीत नाहीत. पण संध्याकाळी बाहेरच्या खोलीत त्यांची मालिका असते. नेमकं एखादं पात्र गुपित सांगायला तोंड उघडायचं आणि नेमके तेव्हाच आमचे पंखे सुटायचे.

"काय म्हनली ती? आरं, कुनाचं पोरगं हाय ते?" मावशी बाहेरून ओरडायच्या.

एक दिवस त्यांनी निकाल दिला. "आवाज बंद कर, न्हाईतर ते डबडं भंगारात घालते!"

संदीप हसला. तिथंच चुकला! पुढच्या गुरुवारी ऐन लढाईत माझ्या खांद्यावर कुणीतरी हात ठेवला. वळून बघतो तर हातात तराजू घेतलेला माणूस.

"ह्येच का?" त्यानं मावशींना विचारलं. मग वाकून कॅबिनेटचा एक कोपरा उचलून बघितला आणि तोंड वाकडं केलं. "लोखंड काय न्हाई यात, नुसता पत्रा हाय."

संदीपनं कॅबिनेटला मिठीच मारली. रडकुंडीला येऊन म्हणाला, "आई, पाया पडतो, थोडे दिवस दे!" मावशींनी दिवाळीच्या साफसफाईपर्यंत मुदत दिली, पण भंगारवाल्याचा नंबर मात्र मोबाईलमध्ये ठेवून घेतला.

*

आता कंपनीतली माणसं संकटात काय करतात? मीटिंग घेतात. दत्त्यानं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर 'व्हाय-व्हाय' मांडलं. म्हणजे बिघाड झाला की पाचदा 'का' विचारायचं, पाचव्याला मूळ सापडतं. कंपनीत यावर आमचं निम्मं आयुष्य गेलंय.

आवाज का? पंखे जोरात पळतात म्हणून. पंखे का पळतात? ग्राफिक्स कार्ड तापतं म्हणून. ते का तापतं? ते सेकंदाला दोनशेच्या वर चित्रं, म्हणजे फ्रेम, काढतं म्हणून.

"आणि मॉनिटर किती दाखवायलाय?" दत्त्यानं विचारलं.

"एकशेचव्वेचाळीस. खोक्यावर लिहिलंय," संदीप म्हणाला.

दत्त्यानं डोक्याला हात लावला. "मग वरचा माल कुठं जायलाय लेका? गिऱ्हाईक उचलतंय एकशेचव्वेचाळीस आणि तू काढायलास दोनशे! आपल्या लाइनला असं झालं असतं तर प्लांट हेडनं उलटं टांगलं असतं!"

दोनशे का काढतं? लिमिट नाही म्हणून, हा झाला चौथा 'का'. उपाय सोपा निघाला. कार्डाला लिमिट घालायचं, की बाबा, मॉनिटर दाखवतो तेवढीच चित्रं काढ आणि बाकीचा वेळ गप बस. पण नियम म्हणजे नियम, पाचवा 'का' व्हायलाच पाहिजे. दत्त्यानं मोठ्यानं वाचलं, "इतके दिवस लिमिट का घातलं नाही?"

दारात मावशी चहा घेऊन उभ्या होत्या. "लगीन झालं न्हाई म्हनून!"

दत्त्यानं ते तसंच लिहून घेतलं.

*

लिमिट घालायला मी सेटिंग उघडलं आणि तिथला आकडा दोनदा वाचला.

कारण तो मॉनिटर मोठ्या थाटात पिंपरी कॅम्पातून आणलेला. आणला त्या दिवशी आम्ही तिघांनी आ वासला होता. "काय स्मूद आहे राव!" "लोणी रे, लोणी!" संदीपनं तर व्याख्यानच दिलं होतं की साठ आणि एकशेचव्वेचाळीसमधला फरक सामान्य माणसाला कळत नाही, त्याला क्वालिटीची नजर लागते. कंपनीत त्याचं कामच ते आहे. चकाकत्या पार्टवरचा केसाएवढा चरा तो लांबून पकडतो आणि आख्खी ट्रॉली परत पाठवतो.

मी म्हणालो, "संदीप, हे साठवर आहे."

"काय साठवर आहे?"

"मॉनिटर. विकत आणल्यापासून. आपण सेटिंग बदललंच नाही."

दत्त्याला हसू आवरेना, त्यानं उशीत तोंड खुपसलं. मी गुपचूप एकशेचव्वेचाळीस केलं. संदीपनं माउस हलवून बघितला, डोळे बारीक केले, परत हलवला.

"हां," तो हळूच म्हणाला, "आता जरा फरक वाटतोय. पण हे कंपनीत कुणाला सांगू नका, पुढच्या आठवड्यात कस्टमर ऑडिट आहे!"

*

लिमिट लागलं आणि आवाज एकदम निम्म्यावर आला. मावशींना कुणाचं पोरगं ते कळलं. आम्हीही खूश. तेवढ्यात खंडेनवमी आली.

कंपनीत त्या दिवशी सगळ्या मशीनी धुऊन-पुसून हार घालतात. दत्त्याच्या अंगात भक्ती जरा जास्तच. संध्याकाळी तो झेंडूचा हार घेऊन दिघीत हजर! हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि हार घातला तो बरोबर कॅबिनेटच्या तोंडावर. म्हणजे जिथून बिचारं हवा आत घेतं तिथंच!

"पूजा झालेली मशीन आज चालवायची नसते हां," दत्त्यानं बजावलं.

"एकच मॅच," संदीप म्हणाला.

मॅच अर्ध्यात आली आणि पंख्यांनी जो सूर लावला की बास! गेम अडखळायला लागला, आमचा माणूस जागच्या जागी थबकायला लागला आणि मागच्या जाळीतून झेंडूच्या पाकळ्या भुरूभुरू बाहेर पडायला लागल्या.

मावशी दारात आल्या. पाकळ्यांकडं बघत म्हणाल्या, "परसाद वाटतंय का काय ते?" आणि मोबाईलमध्ये नंबर शोधायला लागल्या. संदीपनं तो हार एवढ्या घाईनं ओरबाडला की सोबत पुढची जाळीही हातात आली. ती अजून चिकटपट्टीवर आहे.

*

तरी एक कोडं राहिलं होतं. खेळताना डबा गप्प आणि आम्ही पोहे खायला बाहेर आलो की आतून गर्जना! पडद्यावर काही नाही, नुसता मेनू. 'स्टार्ट' आणि 'एक्झिट' एवढी दोन बटणं.

शेवटी मला दिसलं की लिमिट फक्त खेळापुरतं लागलं होतं, मेनूला नव्हतंच. त्यामुळं दोन बटणांचं तेच तेच चित्र ते कार्ड सेकंदाला हजारदा काढत बसायचं. जीव तोडून!

दत्त्या पोह्यांची बशी घेऊन पडद्यासमोर उभा राहिला. "काम काहीच नाही, पुढं कुणी बसलेलं नाही आणि धावपळ सगळ्यात जास्त. हा तर आपला प्लांट हेड!"

मेनूलाही लिमिट घातलं. घरात अशी शांतता पसरली की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. घड्याळाला आवाज आहे हे संदीपला तेव्हा पहिल्यांदा कळलं. दिवाळीची साफसफाई झाली, भंगार गेलं, कॉम्प्युटर राहिला. आम्ही जिंकलो!

*

त्या जिंकण्याच्या नादात दत्त्याला लिमिटचं वेडच लागलं. जिथं तिथं लिमिट. एकदा मावशी बाजरीच्या भाकरी करत होत्या. आमची एक संपेपर्यंत ताटात दोन गार व्हायच्या.

"मावशी, तुमचं प्रॉडक्शन जास्त व्हायलंय," दत्त्या म्हणाला. "आमचा डिस्प्ले जेवढा उचलतोय तेवढ्याच थापा ना."

मावशींनी गॅस बंद केला, हात धुतले आणि बाहेर जाऊन बसल्या. दत्त्या रिकाम्या ताटावर वाट बघत बसला. पिठलं गार झालं.

"मावशी, पुढची?"

"तुझ्या डिस्पलेला इचार!"

त्या दिवसापासून दत्त्या भाकरीबद्दल बोलत नाही. वाढली की गप खातो.

*

आता शेवटचा.

मागच्या गुरुवारी दुपारी मी दिघीला गेलो. जिन्यातच मला घोंगाट ऐकू आला. तोच जुना, पूर्ण ताकदीचा! म्हटलं, लिमिट उडालं, आता मावशी ऐकत नाहीत, गेली आपली खोली.

वर बघतो तर संदीप आणि दत्त्या पायरीवर बसलेले. चपला हातात, घामाघूम.

"अरे, आवाज कसला येतोय? बंद कर ना, मावशी..."

"शूऽऽ!" दोघंही माझ्यावर धावून आले.

संदीप कुजबुजत म्हणाला, "दिवाळीपासून आईची दुपारची झोप उडालीय. सारखी म्हणायची, घर कसं सुनं सुनं वाटतंय, भोसरी सोडल्यापास्नं कवा येवढं गप न्हाई ऱ्हायलं. आज जेवण झालं आणि म्हणाली, ते भुर्रर्र लाव. मी मेनूचं लिमिट काढलं."

"मग?"

"मग काय? पाच मिनिटांत घोरायला लागली."

मी दार थोडं लोटून बघितलं. आतल्या खोलीत आमच्या खुर्च्या भिंतीला सारलेल्या, त्यांच्या जागी खाट. खाटेवर मावशी, तोंडावर पदर, गाढ झोपेत. समोर पडद्यावर 'स्टार्ट' आणि 'एक्झिट', आणि डबा जिवाच्या आकांतानं घोंगावतोय.

"पण आपण खेळायचं कधी?" मी विचारलं.

"उठल्यावर," संदीप म्हणाला.

"आणि उठल्यावर त्यांची मालिका असती," दत्त्या म्हणाला.

आम्ही तिघं पायरीवर बसून राहिलो. ऊन अंगावर आलं तसे एकेक पायरी खाली सरकलो. इतक्यात खालच्या गल्लीत ओळखीची आरोळी आली, "भंगाऽऽर! जुनं-पुरानं भंगाऽऽर!" आम्ही तिघांनीही दाराकडं बघितलं. आत खाट करकरली.

आणि घोंगाटातून मावशींचा आवाज आला, "आरं, त्याला कुनीतरी गप करा रे, झोपमोड करतोय मेला!"