दोन्हीकडून सिंह

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. मला ओळखणारे यावर हसतील, कारण माझ्या पोटात गोष्ट टिकते यावर बुलढाण्यात कुणाचा विश्वास नाही. कोर्टाजवळच्या माझ्या स्टेशनरीच्या दुकानात माणूस वही घ्यायला येतो आणि वही विसरून गोष्ट घेऊन जातो. पण ही एक — ही गिळून बसलोय.

थोडं लांबून येतो. चालेल ना?

मला नाण्यांचा नाद. त्यातही चुकलेल्या नाण्यांचा. टांकसाळीत नाणी नीट पडतात, त्यांना कोण विचारतं? पण एखाद्याचा ठसा सरकतो, एखाद्याच्या कडेचा घास निघतो, आणि मग त्या चुकीला लोक कापसात गुंडाळून जपतात. ‘माणसाच्या चुकीला असा भाव येत नाही,’ असं मी भाषणात म्हणतो. टाळी येते. हो, मी भाषणंही देतो — शाळांत, बचत गटांत, गणपतीत. ‘नाणेवाले सर’ म्हणतात मला. ऐकायला बरं वाटतं. फार बरं वाटतं — तिथंच सगळं आहे.

तर या चुकलेल्या नाण्यांची राणी म्हणजे लाखी. एक नाणं यंत्रातून बाहेर न पडता ठशाला चिकटून राहतं, आणि पुढची कोरी चकती त्याच्यावरच दाबली जाते. मग त्या नाण्याच्या एका अंगाला नेहमीचे सिंह, उठावाचे. दुसऱ्या अंगाला आकडा नाहीच — तेच सिंह, पण उलटे, आत रुतलेले, कणकेत बोट रुतावं तसे. आता गंमत बघा, हेच नाणं खोटं बनवणंही सोपं. दोन नाणी लोहाराच्या वाइसमध्ये, म्हणजे त्या लोखंडी शिकंज्यात, घालून आवळली की झाली लाखी. खरी कोणती हे ओळखताना आम्ही आधी बघतो ती रुतलेल्या भागातली टांकसाळीची मूळ चमक. ती वाइसमधून येत नाही. आणि एकदा घासली की परतही येत नाही.

हे मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं.

माझी मोठी बहीण शकूताई जानेफळला दिलेली. दर भाऊबीजेला मी तिकडे जातो. त्या वर्षीही गेलो, तिनं ओवाळलं, मी तबकात पाचशेची नोट टाकली आणि वर शुभाचा एक रुपया. खिशात हात घातला, जो लागला तो टाकला. गप्पा रंगात आल्या होत्या, भाऊजी हसून हसून खोकत होते — रुपयाकडे कोण बघतंय?

ताईनं बघितलं.

चार-पाच दिवसांनी ती बसनं बुलढाण्याला आली. दुकानात शिरली तीच पिशवीतली कुंकवाची डबी उघडत. “पाह्य बरं, दिल्या, हे काय व्हय? मले वाटलं भावानं खोटाच रुपया देल्ला! मंग तुहं भाषण आठोलं. दोन्हीकून सिंह हाय रे याले!”

मी भिंग लावलं. सिंह उलटे, रुतलेले, आणि त्या खळग्यात चमक अशी, की मी भिंग पुसून पुन्हा लावलं. खरी लाखी. इतकी वर्षं मी गल्ल्यातला प्रत्येक रुपया उलटून बघत आलो, लग्नात आहेराची नाणी मागून बघितली, आणि लाखी आली ती माझ्याच खिशात. ती मी न बघता तबकात टाकली. जे मला दिसलं नाही ते माझं भाषण ऐकून शिकलेल्या बहिणीला दिसलं!

मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? झाला नाही.

आमच्या नाणेवाल्या मंडळींचं प्रदर्शन तोंडावर होतं. ताई म्हणाली, “काचंच्या पेटीत ठेवशीन का रे? चिठ्ठीवर माहं नाव लिहजो. माहं नाव रेशनकार्डाशिवाय कुठीच छापलं नाही.” मी मान डोलावली. मग ती लाजत म्हणाली, “आन खाली लिहजो — भाऊबीजीले भावानं देल्ला.”

तिनं ते प्रेमानं म्हटलं होतं, आणि मला समोर आमची मंडळी दिसली, चिठ्ठी वाचताना. ‘नाणेवाले सरांनी लाखी ओवाळणीत टाकली म्हणे!’ वर्षभर पुरेल असा विनोद. आणि या गावात विनोद मी करतो — माझ्यावर होत नाहीत.

मी म्हणालो, “ठेवू की ताई. पण इतका मळका? घासून आण.”

तिचा हात थांबला. “घासू? तू तं सांगते, नाणं घासू नोका म्हनून.”

बघा — तिला आठवत होतं. इथं मला परत फिरता आलं असतं. मी हसलो, आणि म्हणालो, “ते चांदीच्या नाण्याले ताई. हे पोलादी हाय. चिंच लाव, तारेच्या घासणीनं मस्त घास. आरशासारखं दिसलं पाहिजे.”

“तू म्हनते तं घासतो,” ती म्हणाली.

प्रदर्शनाला ती नवं लुगडं नेसून आली. भाऊजींनाही आणलं होतं. नागपूरहून आलेल्या पाहुण्या जाणकारांनी नाणं भिंगाखाली धरलं, फिरवलं, पुन्हा फिरवलं. म्हणाले, “यावर नुसते ओरखडे आहेत. खरं की वाइसमध्ये दाबलेलं, सांगता येणार नाही. पेटीत नको.” मागून कुणीतरी म्हणालं, “बाई, कारखाना कुठीसा टाकला?” हशा झाला. भाऊजींनी मान खाली घातली.

पाहुण्यांनी विचारलं, “कुणी सांगितलं होतं हे घासायला?”

मी तिथंच उभा होतो, काचेच्या पेटीची किल्ली हातात घेऊन. घासण्याआधी ते नाणं भिंगाखाली बघितलेला जगात एकच माणूस होता. एक वाक्य पुरेसं होतं — ‘मी पाहिलंय, खरं आहे.’ पण मग पुढचा प्रश्न आला असता ना? बघितलं होतं, तर घासू कसं दिलं?

ताईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “कोन सांगन? माह्याच डोक्यानं घासलं,” ती म्हणाली.

तिला वाटलं असेल, भाऊ चुकला. चारचौघांत त्याची लाज कशाला काढायची. की तिला सगळं कळलं होतं? मी विचारलेलं नाही. परत जाताना तिनं तो रुपया तिकिटाच्या सुट्ट्या पैशांत देऊन टाकला, असं भाऊजींनी नंतर सांगितलं. तेव्हापासून ती नाणं उलटून बघत नाही. मी समोर असलो तरी नाही.

इथं संपलं असतं तरी पुरे होतं. पण मी गोष्टीवेल्हाळ माणूस — एकदा एका शाळेत भाषण रंगेना. पोरं जांभया देत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, “एका बाईला लाखी सापडली. तिनं काय केलं असेल? भांड्यांबरोबर घासली!” पोरं फुटली. पुढच्या गावी मी त्यात पदर खोचणं घातलं. त्याच्या पुढच्या गावी नाण्यावर थुंकून तारेची घासणी फिरवणं. आता ती माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट आहे. तुम्हीही ऐकली असेल, आणि हसलाही असाल. त्यात तुमचा दोष नाही. मी ती चांगली सांगतो.

मागच्या वर्षी जानेफळच्या बचत गटानं मला बोलावलं. भाषण ऐन रंगात आलं, बाया ‘घासणीवाली सांगा, घासणीवाली’ म्हणायला लागल्या, आणि मी सुरू झालो. पदर खोचला. मग दिसलं — पुढच्याच सतरंजीवर शकूताई बसली होती. तिच्या शेजारणीनं हसत तिला कोपरानं ढोसलं. “कोन असन वं ही बाई?”

“असन एखादी येडी,” ताई म्हणाली, आणि हसली.

मला स्पष्ट ऐकू आलं. पुढचा भाग नाणं पदराला पुसून उजेडात धरण्याचा आहे. त्याला नेहमी सगळ्यात मोठा हशा येतो.

मी तो केला.