कवडूच्या तळहातावरचं भिंग

आमचे मित्र सुखदेव घाटोडे सर म्हणजे सौंसरचं चालतंबोलतं जीवशास्त्र. तीस वर्षं त्यांनी शाळेत पेशी शिकवली, इतकी की पोळीसुद्धा ते आधी उजेडाकडे धरून बघतात. नलिनीवहिनी म्हणतात, "मला पाहायला आले तेव्हाही यांनी खिडकीजवळच बसवलं होतं." असा माणूस चुकत नाही, असं गावाचं मत होतं. सरांचंही होतं.

गेल्या दिवाळीत त्या मताला तडा गेला.

सरांची मुलगी ऋतुजा हैदराबादला पेशींवर संशोधन करते. ती दिवाळीला आली आणि फराळ करता करता बापालाच शिकवू लागली.

"बाबा, पेशीत काहीही वेगळं राहायचं तर त्याला पापुद्रा लागतो, असंच शिकवलं ना तुम्ही आम्हाला?"

"मग? चुकीचं शिकवलं का?"

"अर्धंच शिकवलं. कितीतरी प्रथिनं नुसती एकमेकांना धरून थेंब करून राहतात. तर्रीवरच्या तेलाचे थेंब असतात ना, तसे. पिशवी नाही, भिंत नाही, तरी वेगळे. काम संपलं की पुन्हा मिसळून जातात."

"पाहू," सर म्हणाले. म्हणजे पटलं नाही.

"पाहाच. कोवळ्या करडाच्या डोळ्यातलं भिंग बर्फात ठेवा. थंडीनं आतली प्रथिनं थेंबाथेंबानं वेगळी होतात आणि भिंग पांढरंफटक पडतं. मग तळहातावर धरा. दोन मिनिटांत काचेसारखं साफ!"

सरांच्या हातातली चकली हातातच राहिली.

अकरा वर्षांपूर्वी शाळेच्या प्रयोगशाळेत कवडू नावाचा परिचर होता. परीक्षानळी अशी घासायचा की ती टेबलावर आहे की नाही, हे हात लावून पाहावं लागे. किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून तो चालला की हेडमास्तरांपेक्षा त्याचाच रुबाब जास्त वाटे. एकच व्यसन: प्रयोगशाळेच्या शेगडीवर चहा करायचा. तो चहा सरही प्यायचे आणि त्याच शाळेतला मास्तर म्हणून मीही प्यायचो, हे इथे नोंदवून ठेवतो.

प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी कवडूनं खाटकाकडून करडाचे डोळे आणले. सरांनी त्यातली भिंगं काढून दिली आणि सांगितलं, "बर्फात ठेव." त्यानं ठेवली. सकाळी बाहेरगावच्या परीक्षकांसमोर डबा उघडला, तर भिंगं उकडलेल्या अंड्यासारखी पांढरी.

"चहाच्या उकळत्या पाण्यात पाडलीस तू!" सर चाळीस पोरांसमोर गरजले.

"नाई जी सर, बर्फातच होती."

"फेकून ये!"

कवडू भिंगं तळहातावर घेऊन गेला आणि दोनच मिनिटांत धावत परत आला. "सर, पाहा ना जी! साफ झाली!"

सरांनी त्या हाताकडे पाहिलंही नाही. "चोरी लपवायले दुसरी घेऊन आला काय रे?"

पोरं खदाखदा हसली. आठवड्याभरात कमरेचा जुडगा गेला आणि कवडूकडे घंटा आणि पाण्याची टाकी आली. प्रॅक्टिकलच्या दुपारीच स्टाफरूममध्ये त्याचं 'उकड्या' असं नाव पडलं होतं. नऊ वर्षं पोरं त्याला त्याच नावानं हाका मारत राहिली, आणि त्याच नावानं तो निवृत्त होऊन आपल्या गावी, रामाकोन्याला गेला.

दिवाळी संपताच सरांनी गुपचूप करडाचा डोळा आणला, भिंग काढलं आणि ते नलिनीवहिनींच्या शुद्ध शाकाहारी फ्रीजमध्ये श्रीखंडाशेजारी ठेवलं. त्यावरून घरात जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. पण भिंग पांढरं झालं आणि सरांच्या तळहातावर पुन्हा साफ झालं.

पुढे पंधरा दिवस त्यांनी चालढकल केली. जामसावळीला जाऊन मारुतीला सगळं सांगून आले. मारुतीनं ऐकून घेतलं, पण रामाकोन्याला निरोप काही पोचवला नाही. शेवटी थर्मासात बर्फ आणि भिंगं भरून ते माझ्याकडे आले. "चल संगं. माझे एकट्याचे पाय उचलत नाहीत."

कवडू अंगणात संत्री निवडत होता. सर खाटेवर टेकले, थर्मास उघडला, पांढरं भिंग त्याच्या हातावर ठेवलं आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. तोवर भिंगातून कवडूच्या हातावरच्या रेषा दिसू लागल्या होत्या.

"मले मालूम होतं जी," कवडू म्हणाला. "त्याच दिवशी हातावर पाह्यलं ना मी."

"मग बोलला काहून नाहीस रे?"

"बोललो होतो."

सरांचे डोळे भरले. "गलती माझी होती, कवडू. माफ कर."

कवडूनं एक संत्रं उचललं, पुसलं, परत ठेवलं. "तवा चाळीस जनाईसमोर बोलले, आन् आता मले एकट्याले सांगून राहिले?" आणि तो कुंपणाकडे तोंड करून ओरडला, "ओ भिवाजी! इकडं ये बापा! सर प्रयोग दाखवून राहिले!"

भिवाजी आला. त्याच्यामागून त्याची सून, मग पिठाच्या चक्कीवाला, मग अर्धी गल्ली. दर खेपेला भिंग थर्मासात जायचं, पांढरं व्हायचं, कवडू चिमट्यानं काढून तळहातावर घ्यायचा आणि सर म्हणायचे, "कवडूनं काही बिघडवलं नव्हतं. गलती माझी होती." कवडूनं मधेच बशी पुसली, चिमटा सरळ ठेवला. त्याची पाठ पुन्हा ताठ झाली होती. पाचव्या खेपेला सरांचा आवाज बसला.

तेवढ्यात कवडूची बायको देवकाबाई चहा घेऊन आली. "सर, ते उकड्या नाव बी तुमीच ठेवलं होतं का जी?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. अकरा वर्षांत त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या विनोदावर सगळा स्टाफ हसला होता, मीही पोट धरून हसलो होतो. भिंग कवडूच्या हातावर अजून पांढरं होतं. ते साफ व्हायच्या आत मी म्हणालो, "नाव मी ठेवलं होतं."

कवडूनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, भिंग उचलून थर्मासात टाकलं आणि झाकण लावलं.

"मंग आता तुमी उभे राहा," तो म्हणाला. "सर थकले. आन् खालच्या गल्लीतले लोक अजून यायचेच आहेत."